निक्षेपधर्म आणि दुधाचे दात

अपत्याचा देह आईबापांच्या मालकीचा असतो, की तो त्यांच्याकडे काही काळापुरता सोपविलेला असतो, हा प्रश्न धर्मचिंतनातील मोठ्या प्रश्नांत सहसा गणला जात नाही. आत्मा, कर्म आणि मोक्ष यांविषयी ज्या समाजात शतकानुशतके वाद झाले, भाष्यांवर टीका आणि टीकांवर टिप्पणे लिहिली गेली, त्या समाजात सहा वर्षांच्या मुलाचे तोंड उजेडाकडे वळवून त्याची एखादी दाढ काळी पडली आहे काय हे पाहणे हे आईचे, आणि तिला सवड नसेल तर कोणाचेच नव्हे, असे काम समजले गेले. तथापि जेथे एक मनुष्य दुसऱ्या मनुष्याच्या देहाविषयी, त्याची संमती न घेता आणि ती घेणे शक्यही नसताना, जन्मभर पुरणारा निर्णय करतो, आणि जेथे निर्णय न करणे हादेखील एक निर्णयच ठरतो, तेथे धर्माचा प्रश्न उपस्थित झाल्यावाचून राहत नाही. बालकांच्या दातांची निगा आणि त्यांच्या वाकड्या येणाऱ्या दातांवर लहानपणीच करावयाचे उपचार हे या प्रश्नाचे इतके स्वच्छ उदाहरण आहे की, त्याचा विचार केवळ वैद्यकाच्या हवाली करून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही.

बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मलकापूरच्या रस्त्याला लागले म्हणजे नळगंगेच्या खोऱ्यात मोताळा लागते. तालुक्याचे ठिकाण म्हणून येथे तहसील कचेरी आहे, पंचायत समिती आहे, आणि धामणगाव बढे, रोहिणखेड, पिंपळगाव देवी अशा गावांतून दाखल्यांसाठी, फेरफारांसाठी आणि बाजारहाटासाठी आलेल्या माणसांची सततची ये-जा आहे. कपाशी, मका आणि सोयाबीन यांच्या हंगामावर येथील घरांचे वर्ष चालते, आणि घरातील कोणता खर्च आज करावयाचा व कोणता कापूस विकला जाईपर्यंत थांबवावयाचा याचा हिशेब प्रत्येक कुटुंबाला तोंडपाठ असतो. मुलाला ताप चढला तर रात्रीच्या रात्री त्याला मोटारसायकलवर घालून घाट चढून बुलढाण्याला नेणारा बाप याच घरांतला, परंतु तोच मुलगा दाढ ठणकते म्हणून रडू लागला तर दाढेखाली लवंग धरावयास सांगून तो म्हणतो, "दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत." हे वाक्य मी कठोरपणाचे मानीत नाही. महाराष्ट्राच्या कोणत्याही गावात, आणि शहरांतील सुशिक्षित घरांतही, ते याच शब्दांत ऐकू येते, आणि त्यात प्रेमाचा अभाव नसून एक संपूर्ण तत्त्वज्ञान दडलेले आहे: जे नश्वर आहे त्याची चिंता करू नये, आणि ज्याच्या जागी दुसरे येणार आहे त्याच्यासाठी शोक करू नये. गीतेच्या दुसऱ्या अध्यायाने देहाविषयी जे मोठ्या अर्थाने सांगितले ते लोकांनी नकळत दुधाच्या दातांना लावून टाकले.

आता वस्तुस्थिती काय आहे ती पाहावी लागते, कारण वस्तुस्थिती चुकली म्हणजे तत्त्वज्ञान कितीही उदात्त असले तरी ते चुकीच्या ठिकाणी बसते. दुधाचे दात २० असतात आणि ते साधारण सहाव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत क्रमाक्रमाने पडतात. त्यांपैकी मागच्या दाढा पडावयास दहावे-अकरावे वर्ष उजाडते. तोपर्यंत त्या केवळ चावण्याचे काम करीत नाहीत, तर त्यांच्याखाली तयार होत असलेल्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्व दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, चार नव्या दाढा उगवतात. जुना दात पडल्याची वर्दी त्यांच्या आधी मिळत नसल्यामुळे आईबाप त्यांनाही दुधाच्याच समजतात, आणि "पडणारच आहेत" या एकाच वाक्यात त्यांचाही निकाल लागतो. वास्तविक या दाढा साठ-सत्तर वर्षे पुरावयाच्या असतात. त्यांच्या पुढची दुधाची दाढ किडून अकाली काढावी लागली तर ही सहाव्या वर्षाची दाढ मोकळ्या जागेकडे सरकते, खालून येणाऱ्या दाताची वाट अडते, आणि मग तो दात हिरडीत अडकून राहतो किंवा गालाकडे अथवा टाळूकडे वाकडा निघतो. पुढे बाराव्या-तेराव्या वर्षी ज्या वाकड्या दातांना तारा बसवाव्या लागतात त्यांपैकी काहींची मुळे अशा रीतीने सातव्या-आठव्या वर्षाच्या एका किडीत असतात, आणि त्या वेळी दाढेत सिमेंट भरले असते, किंवा दाढ काढावीच लागली तर तिची जागा धरून ठेवणारी एक साधी तारेची कडी बसविली असती, तर हा सारा पुढचा व्याप टळला असता. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या तोंडात कीड आढळली होती. म्हणजे मोताळ्याच्या एखाद्या प्राथमिक शाळेचा वर्ग डोळ्यांसमोर आणला तर हा प्रश्न दोन-चार दुर्दैवी मुलांचा नसून बाकावरच्या प्रत्येक दुसऱ्या मुलाचा आहे.

आपली परंपरा या उपेक्षेला आधार देते काय? ज्यांनी ती नीट वाचली आहे त्यांना तसे म्हणता येणार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात करंज, रुई, अर्जुन इत्यादींच्या काड्यांनी रोज दोन वेळा दात घासण्याचा विधी आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या विशाल इतिहासात आह्निकाच्या प्रकरणात दंतधावनाचे नियम सविस्तर दिले आहेत. त्यांत ज्या तिथींना काडी वर्ज्य त्या तिथींनाही बारा चुळा भरून मुख शुद्ध करण्याचा पर्याय सांगितला आहे, म्हणजे काडीला सुटी दिली तरी मुखशुद्धीला दिली नाही. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगताना ज्याचे दात नेहमी मळलेले असतात त्याचीही गणना त्यांत केली. आणि या सर्वांहून आश्चर्यकारक ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता, बालकांच्या वैद्यकाला वाहिलेला. नेपाळात मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून तो १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेला. त्यात दातांच्या जन्मावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. काही दात एकदाच जन्मतात आणि उरलेले दोनदा, ज्या महिन्यांत ते उगवतात तितक्याच वर्षांनी ते पडून पुन्हा येतात, असे निरीक्षण त्यात नोंदविले आहे. आणि उत्तम दंतपंक्तीची लक्षणे सांगताना दात पूर्ण, समान, दाट आणि निरोगी असावेत एवढ्यावरच न थांबता वरची पंक्ती किंचित पुढे उंचावलेली असावी असेही म्हटले आहे. वरचे दात खालच्यांना किंचित झाकून असावेत हे आजचा दंतवैद्य आरशात पाहून सांगतो. ज्याने ते प्रथम लिहिले त्याने कितीतरी मुलांची तोंडे उघडून पाहिली असली पाहिजेत.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो बुलढाणा जिल्ह्यात तरी सहज बाजूला सारता येत नाही. शेगाव याच जिल्ह्यात आहे. १८७८ साली तेथे गजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले ते उष्ट्या पत्रावळींवरील अन्न वेचताना, देहाच्या सर्व उपचारांविषयी पूर्ण उदासीन अशा अवस्थेत; आणि मोताळ्याच्या घराघरांत त्यांची तसबीर आहे. दिगंबर जैन मुनींच्या २८ मूलगुणांत तर दात न घासण्याचे व्रत स्पष्टपणे समाविष्ट आहे. ज्या भूमीने देहाची पर्वा न करणाऱ्यांच्या चरणी माथा ठेवला तिने दात सरळ करण्याच्या उद्योगाला धर्मकार्य म्हणावे काय? मला वाटते, या आक्षेपाचे उत्तर त्याच अवधूतांच्या आचरणात आहे. विरक्त पुरुष जो देह टाकतो तो स्वतःचा. मुनी जे व्रत घेतो ते दीक्षेच्या वेळी, सर्व जाणिवेने, स्वतःच्या मुखाने. दुसऱ्याच्या देहाविषयीची उदासीनता ही विरक्ती कोणत्याही संप्रदायात मानलेली नाही, आणि आपल्या वाट्याची भाकर सोडणारा त्यागी असला तरी मुलाच्या ताटातील भाकर सोडून देणारा त्यागी नव्हे. तैत्तिरीय उपनिषदाने आत्म्याच्या शोधाची पहिली पायरी अन्नमय कोशाची, म्हणजे अन्नाने घडलेल्या देहाची, सांगितली. ज्या मुलाला एका बाजूनेच चावता येते, जो ज्वारीची भाकर टाळून चहात बुडविलेल्या बिस्किटावर दिवस काढतो आणि त्या बिस्किटानेच उरलेल्या दाढाही गमावतो, त्याला त्या पहिल्या पायरीवरच आपण अडवून धरलेले असते.

दुसरा आक्षेप कर्माचा, म्हणजे दातांचे व्यंग हे कोणाच्या तरी कृतीचे फळच आहे असे मानण्याचा. वरचे दात आधी आले तर ते मामाला बाधतात, ग्रहणात गर्भवतीने विळी-चाकू हाती धरला तर मूल फाटलेल्या ओठाचे होते, या समजुती आजही पूर्णपणे गेलेल्या नाहीत, आणि त्यांच्या पोटी जे दुःख येते ते मुलापेक्षाही त्याच्या आईला अधिक भोगावे लागते. दीघनिकायातील लक्षणसुत्तात महापुरुषाची ३२ लक्षणे सांगताना त्याला ४० दात, सम, शुभ्र आणि फटी नसलेले, असतात असे म्हटले आहे आणि चहाडी न केल्याचे, सन्मार्गाने उपजीविका केल्याचे ते पूर्वजन्मीचे फळ म्हणून दाखविले आहे. या वचनाचा आशय सदाचाराला देहाच्या कांतीची शोभा देणे हा आहे. त्याचा उलटा अर्थ लावून, ज्याचे दात वाकडे त्याने मागल्या जन्मी काही वाकडे केले असले पाहिजे असे अनुमान काढणे, हे तथागताच्या करुणेशी सर्वथा विसंगत आहे, आणि बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा दिल्यानंतर ज्या विवेकाने हा धम्म वऱ्हाडच्या गावागावांत पोहोचला त्या विवेकाशीही ते जुळत नाही. कर्मसिद्धान्त मनुष्याने स्वतःला लावावा. दुसऱ्याच्या, विशेषतः बालकाच्या, दुखण्याचा खुलासा म्हणून तो पुढे करणे म्हणजे आपल्या आळसावर पूर्वजन्माची मोहोर उठविणे होय.

मग आईबापांचे आणि मुलाच्या देहाचे नाते नेमके कोणते? मालकीचे म्हणावे तर ते अन्यायाचे, आणि संबंधच नाही म्हणावे तर ते अशक्य. या दोहोंच्या मधले नाते आपल्या धर्मशास्त्रात, परंतु देहाच्या नव्हे तर धनाच्या प्रकरणात, अतिशय सूक्ष्मपणे विचारात घेतलेले आहे, आणि ते म्हणजे ठेवीचे, निक्षेपाचे नाते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात विश्वासाने सोपविलेल्या ठेवीविषयी जे नियम आहेत ते वाचताना, ते एखाद्या सावकाराच्या दप्तरासाठी लिहिले आहेत हे क्षणभर विसरावे आणि पाळण्यातल्या मुलाविषयी लिहिले आहेत असे समजावे, म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांत जवळजवळ शब्दशः मिळते. राजाने, दैवाने किंवा चोराने नेलेल्या ठेवीबद्दल ती राखणाऱ्याला जबाबदार धरू नये. राखणाऱ्याने स्वतःच्या इच्छेने ठेवीचा उपभोग घेतला तर त्याला दंड करावा आणि व्याजासह भरपाई घ्यावी. ठेवणाऱ्याने मागितल्यावरही ती दिली नाही आणि मग ती नष्ट झाली, तर पूर्वीची दैवाची सबब चालणार नाही; मूल्य आणि तितकाच दंड, दोन्ही द्यावे लागतील. यात स्मृतिकार बृहस्पतीने उपेक्षेची भर घातली: स्वतःच्या वस्तूंत आणि ठेवीत भेद करून, किंवा दुर्लक्ष करून, ठेव गमावली तर ती भरून द्यावीच लागेल. आणि राखणाऱ्याचे स्वतःचे धनही त्याच आपत्तीत गेले असेल तर त्याला दोष नाही, असे स्मृतिकार नारद सांगतो.

यांपैकी दैवाचा नियम आईबापांना मोठा दिलासा देणारा आहे. जबड्याची ठेवण पुष्कळ अंशी आनुवंशिक असते. आजोबांची पुढे आलेली हनुवटी नातवाकडे येते, आईचे मोठे दात आणि बापाचा लहान जबडा एकाच मुलाच्या वाट्याला येऊन दातांची दाटी होते, आणि टाळू दुभंगून जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत कोणाचाही अपराध शोधून सापडत नाही. हे दैव आहे, आणि दैवाबद्दल राखणाऱ्याला जाब विचारावयाचा नसतो. ज्या आईला ग्रहणाची गोष्ट सांगून वर्षानुवर्षे मान खाली घालावयास लावले तिला याज्ञवल्क्याच्या न्यायसभेने निर्दोष सोडले असते.

उपेक्षेचा नियम मात्र तितका सौम्य नाही, आणि त्यातील भेदाची कसोटी तर फारच मार्मिक आहे, कारण ती विचारते: स्वतःच्या बाबतीत तू असेच केले असतेस काय? स्वतःची दाढ दुखू लागली की मलकापूरचा दवाखाना गाठणारा मनुष्य मुलाच्या दाढेला लवंग सांगतो, तेव्हा तो ठेवीत आणि स्वतःच्या धनात भेद करीत असतो. घरात विहिरीचे कर्ज, बियाण्याची उधारी आणि स्वतःच्याही तोंडात सडलेल्या दाढा असतील तर नारदाचा नियम त्याच्या बाजूने उभा राहील, आणि अशी घरे मोताळा तालुक्यात पुष्कळ आहेत, हे विसरून उपदेश करणारा वैद्य आणि निबंधकार दोघेही अन्याय करतील. परंतु दातांच्या बहुतेक निगेला पैसा लागत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात आईने किंवा बापाने स्वतः घासून द्यावेत, कारण तोपर्यंत मुलाच्या मनगटाला ते वळण साधत नाही. तीन वर्षांच्या आतील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी फ्लोराईडची पेस्ट पुरते. रात्री घासल्यावर पाण्याखेरीज काही देऊ नये. आणि आजीच्या मशेरीच्या डबीत नातीचे बोट जाऊ देऊ नये. पाचव्या वर्षानंतरही अंगठा चोखत राहणाऱ्या मुलाचे वरचे दात पुढे ढकलले जातात आणि टाळू अरुंद होते. सतत तोंड उघडे ठेवून श्वास घेणाऱ्या मुलाच्या नाकामागे वाढलेल्या गाठी असू शकतात. ही चिन्हे ओळखण्यास शिक्षण लागत नाही, लक्ष लागते. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दंतवैद्याकडून जबड्यांची तपासणी करून घ्यावी असे या शास्त्रातील जाणकार सांगतात, ते उपचार लगेच सुरू करण्यासाठी नव्हे, तर कोठे थांबावे आणि कोठे थांबू नये हे ठरविण्यासाठी.

कारण या ठेवीचे एक वैशिष्ट्य असे आहे की ती वाढती आहे. पेटीत ठेवलेले सोने दहा वर्षांनी काढले तरी तेवढेच असते. मुलाचा जबडा दहा वर्षांनी तो राहत नाही, आणि ज्या वयात हाड वळणास तयार असते ते वय गेल्यावर तेच काम दात काढून, किंवा प्रसंगी शस्त्रक्रियेने, करावे लागते. परंतु याच वाढीचा दुसरा अर्थही आहे, आणि घाईने उपचार करणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा. आठव्या-नवव्या वर्षी बहुतेक मुलांचे वरचे पुढचे दात पंख्यासारखे पसरलेले, मध्ये फट असलेले दिसतात. आई घाबरते, शेजारीण नाव ठेवते. आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास सुळे खाली उतरले म्हणजे पुष्कळ वेळा ती फट आपोआप मिटते. पुढे आलेल्या दातांवर लहानपणी एकदा आणि किशोरवयात पुन्हा एकदा असे दोन टप्प्यांत उपचार केल्याने काय साधते याचा कोक्रेन संस्थेने साऱ्या उपलब्ध प्रयोगांवरून आढावा घेतला आहे. लवकर उपचार केल्याने पडझडीत दात मोडण्याचा धोका कमी होतो. अन्यथा किशोरवयात एकदाच केलेल्या उपचारापेक्षा त्याचा निराळा लाभ आढळला नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. दिवसभर शिवारात आणि शाळेच्या पटांगणात धावणाऱ्या, आपटणाऱ्या मुलाच्या बाबतीत दात मोडण्याचा धोका क्षुल्लक नाही, हे मी मानतो. परंतु जेथे थांबणे हाच उपचार आहे तेथे थांबण्याचे धैर्य दाखविणे हेही राखणाऱ्याचे कर्तव्यच आहे. उलट, वरचा दात खालच्या दाताच्या आत अडकून जबडा एका बाजूला सरकत असेल तर तेथे थांबणे शहाणपणाचे नाही. या दोहोंतील फरक घरात बसून कळत नाही, म्हणून तर तपासणी.

आता उपभोगाचा नियम, आणि मला वाटते येथेच आजच्या सुस्थित घरांची कसोटी आहे. मुलीचे दात सरळ करण्याची धावपळ पुष्कळ ठिकाणी तिच्या चावण्यासाठी होत नाही. ती स्थळ पाहावयास येणाऱ्यांच्या नजरेसाठी होते. मुलाच्या फोटोतील हसू शेजारच्या मुलाच्या हसण्यापेक्षा कमी पडू नये म्हणूनही होते. ठेव स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी वापरणे याला स्मृतीने उपभोग म्हटले आहे आणि तो दंडनीय ठरविला आहे. हा विचार केवळ आपल्याच धर्मात आहे असे नाही. रोहिणखेडला सोळाव्या शतकातील मशीद उभी आहे. तेथे नमाज पढणाऱ्यांच्या परंपरेतही प्रेषितांनी मिस्वाकची, म्हणजे दात घासण्याच्या काडीची, अतिशय प्रशंसा केली आहे, आणि त्याच वेळी बुखारीच्या संग्रहातील एका हदीसमध्ये केवळ सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून अल्लाच्या रचनेत बदल करणाऱ्या स्त्रियांचा निषेध आहे. व्यंग दूर करणे आणि इजा टाळणे यांना मात्र फुकाहांनी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रज्ञांनी, मुभा दिली. दातांची शुद्धी आवश्यक, दुरुस्ती क्षम्य, आणि निव्वळ मिरवणे निषिद्ध: ही श्रेणी मला अतिशय विवेकपूर्ण वाटते.

पाश्चात्त्य दंतशास्त्रातही हा वाद धर्माच्याच भाषेच्या जवळ जाऊन पोहोचला होता. १८९९ साली दंतवक्रतेचे वर्गीकरण करणारा एडवर्ड अँगल असे मानीत असे की प्रत्येक मनुष्याच्या मुखात पूर्ण दंतपंक्तीला जागा असणे हाच निसर्गाचा हेतू आहे, म्हणून दात काढून जागा करणे हे त्या योजनेत ढवळाढवळ करण्यासारखे आहे. कॅल्व्हिन केस याने १९११ साली त्याला जाहीर विरोध केला. आणि पुढे अँगलच्याच शिष्यपरंपरेतील चार्ल्स ट्वीडने, न काढता सरळ केलेले दात पुन्हा वाकडे होत आहेत हे पाहून, आपल्याच रुग्णांवर दात काढून नव्याने उपचार केले. निसर्गाचा हेतू आपल्याला ठाऊक आहे असे समजून सर्व मुखांना एकाच साच्यात बसविणे ही उपेक्षेइतकीच जुनी चूक आहे. गुरूवरील श्रद्धा ढळू न देता वस्तुस्थितीपुढे नमणारा शिष्य कोणत्याही शास्त्राला दुर्मीळ असतो, आणि ट्वीडचे हे करणे मला त्याच्या सर्व तंत्रापेक्षा मोठे वाटते.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अज्ञान बालकाच्या धनाचे, तो गुरुगृहाहून परत येईपर्यंत किंवा त्याचे बालपण सरेपर्यंत, राजाने रक्षण करावे असे सांगितले आहे. राजाचे हे कर्तव्य आजच्या राज्यात काही अंशी लिहून ठेवले गेले आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा, फिरत्या पथकाने तपासणी करावयाची असते. तपासावयाच्या विकारांच्या यादीत दातांचे विकार आहेत, आणि फाटलेला ओठ व दुभंगलेली टाळू हीदेखील आहेत. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु पथकाच्या डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात पाहून मुलाच्या हाती दिलेली चिठ्ठी घरी पोहोचते, देवळीत राहते, आणि तेथून पुढे तिचा प्रवास थांबतो. कारण कीड भरण्यापुरता उपचार तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या गावी होऊ शकला तरी जबड्याच्या आणि तारांच्या उपचारासाठी दीड-दोन वर्षे, दर महिन्याला, एकेका दिवसाची मजुरी बुडवून मुलाला घेऊन जावे लागते, आणि सरकारी दंत महाविद्यालये नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा दूरच्या शहरांत आहेत. महिन्यातून एकदा तज्ज्ञांचे पथक बुलढाण्यास यावे आणि तपासणीची चिठ्ठी शाळेच्या हजेरीपटाइतक्याच काटेकोरपणे पाठपुराव्याच्या रजिस्टरात उतरविली जावी, एवढे केले तरी राजाच्या वाट्याचे पुष्कळ काम होईल. बालकाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्याचा पालक कोण याची नोंद मुलकी खाते कटाक्षाने करते. त्याच्या जबड्याच्या बाबतीतही तितकाच कटाक्ष मागणे अवाजवी नाही.

उरला तो मागणीचा नियम, आणि तो सर्वांत कठोर आहे. ठेवणाऱ्याने मागितल्यावर विलंब केला तर दैवाची सबबही चालत नाही. मूल ठेव कधी मागते? सज्ञान झाल्यावर, असे कायदा म्हणेल. परंतु त्याच्या फार आधी, पाचव्या-सहाव्या वर्षी, रात्री उठून गालावर हात धरून "आई, दाढ दुखते" असे जे ते म्हणते ती त्याची पहिली मागणी असते, आणि त्या क्षणापासून राखणाऱ्याच्या सर्व सबबी गळून पडतात. कपाशी वेचायची आहे, परीक्षा जवळ आली आहे, दात पडणारच आहे, यांतील कोणतीही सबब याज्ञवल्क्याने ऐकून घेतली नसती.

दुसरी मागणी उशिरा येते आणि ती अशी सोपी नसते. १८६० च्या भारतीय दंड विधानाच्या ८९ व्या कलमात बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण होते, आणि जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते तसेच पुढे चालू आहे. बारावे वर्ष हे नेमके तेच वय आहे ज्या वयात तारा बसविण्याचा प्रश्न उभा राहतो. कायद्याने येथे जी रेषा ओढली तिच्यामागे मला एक मोठे नैतिक सत्य दिसते: या वयापासून देहाविषयी बोलण्याचा पहिला हक्क त्या देहात राहणाऱ्याचा होऊ लागतो. श्रीगणेशाचा एक दात मोडलेला आहे, आणि मोताळ्यातील पुष्कळ घरांतले शुभकार्य त्या एकदंताच्या पूजेने सुरू होते. एका कथेत वडिलांनी दिलेल्या परशूचा मान राखण्यासाठी त्याने परशुरामाचा वार आपल्या दातावर झेलला; दुसरीत महाभारत लिहिण्यासाठी त्याने तो स्वतः मोडून हाती घेतला. दोन्ही कथांत संमती त्याची आहे. शंकराने किंवा पार्वतीने त्याच्या वतीने तो दात दिलेला नाही, आणि नंतर कोणी तो बसवूनही दिला नाही.

तेव्हा दुखणे, कीड आणि चावण्यातील अडथळा यांत मुलाच्या संमतीची वाट पाहू नये; तेथे राखणाऱ्याने तत्काळ पुढे व्हावे. परंतु प्रश्न जेव्हा केवळ दिसण्याचा उरतो, आणि डॉक्टरांनी हा दात असाच राहिला तरी चावण्यास व हिरडीस काही बाधा नाही असे सांगितलेले असते, तेव्हा खुर्चीत बसलेल्या मुलीलाच तो प्रश्न विचारला गेला पाहिजे. दोन वर्षे तारा वागविण्यात काय त्रास आहे, काय खाता येणार नाही, नंतर किती काळ दात धरून ठेवणारी पट्टी लावावी लागेल, आणि काहीच न केले तर काय होईल, हे सर्व तिच्या भाषेत तिला सांगावे, तिला काही दिवस विचार करू द्यावा, आणि ती उत्तर देत असताना बापाने तिच्या आधी बोलू नये.